सारंगखेड्याला मोकळा होणारा दम

"खोकला नही रे भाऊ, मिरची बोली ऱ्हायनी." नाकावरचा पदर जरा खाली ओढून आक्का असं म्हणायची आणि म्हणता म्हणता पुन्हा खोकायची. आम्ही हसायचो. खोकत खोकत तीही कामाला लागायची.

तुम्ही हिवाळ्यात नंदुरबारला आलात तर गावाबाहेर मैदानंच्या मैदानं लाल दिसतील. त्या मिरचीच्या पथाऱ्या. ओली मिरची पसरायची, उलथायची, वाळली की देठ खुडून पोत्यांत भरायची. मी टेम्पोवाला, माल आणायचो आणि न्यायचो. आक्का तिथली मुकादमीण. शेठ बोलला तर बायका नुसतं ऐकून घ्यायच्या, आक्का बोलली की उठायच्या.

"मन्ही पथारी" म्हणायची ती, जणू सातबारा तिच्याच नावावर. नवरा लवकर गेला, तेव्हा या पथारीनेच तिला उभं केलं होतं. पण पोती भरताना लाल धूळ उडाली की तिच्या छातीत शीळ वाजायची. बायका तिच्या तोंडात गुळाचा खडा कोंबायच्या आणि काम पुढे चालायचं.

आता खरी गंमत ऐका. दरवर्षी सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेला आक्का सगळं सोडून निघायची. मीही जायचो. काय तिचा उत्साह सांगू! एकेका घोड्यापुढे उभी राहून दात बघणार, खूर बघणार, घेणार काहीच नाही.

"हाऊ पांढरा देख, भाऊ. कसा चालस, जसा नवा जवाई."

आणि तिथे खोकला नाही. दोन-तीन दिवस गेले की ती माझ्यापुढे झपाझप चालायची आणि मीच मागून धापा टाकायचो. आक्काने निकाल लावून टाकला, "घोडासनी हवा लागनी का छाती मोकळी व्हस." तिच्याबरोबर येणाऱ्या, दम लागणाऱ्या आणखी दोघींनीही तेच सांगितलं. मग काय, अख्ख्या पथारीला पटलं. आक्काने यात्रेतून घोड्याची नाल आणून पथारीच्या फाटकावर ठोकली, शेठने त्या नालेला हार घातला. दुसऱ्या दिवशी आक्का खोकायला लागली.

"नाल जुनी शे," ती म्हणाली. पुढच्या वर्षी नवीकोरी आणली.

नवी नाल लागून महिना झाला नसेल. भर दुपारी पोती भरताना आक्का मिरचीतच खाली बसली. बोलायला जावं तर आवाज नाही, ओठ काळेनिळे. बायकांनी तिला रिक्षात घातलं आणि आम्ही सरकारी दवाखाना गाठला. तिथे तिला ऑक्सिजन लावला, वाफ दिली. बोलता यायला लागल्याबरोबर तिने तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंना घोड्यांची सगळी कथा ऐकवली.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "मावशी, यात्रेत घोडे असतात हे कळलं. मिरची असते का?"

आक्का पदरावरची लाल धूळ बघायला लागली.

"कामावरच्या धुळीने लागलेला दमा दिसतोय. हा पंप रोज ओढायचा. आणि आठ दिवस अशा ठिकाणी जाऊन राहा, जिथे मिरची नाही आणि घोडाही नाही."

अक्कलकुव्याला तिचा भाऊ असतो. तिकडे गेली. आठवड्याने तिचा फोन आला. आवाज असा खणखणीत की आधी मी ओळखलाच नाही. "भाऊ, दम नही लागना. अन् अठे एक बी घोडा नही." मला इतका आनंद झाला की टेम्पो रस्त्यातच उभा करून मी खाली उतरलो. मग ती म्हणाली, "म्हणजे मन्ही पथारीच माले मारी ऱ्हायनी."

परत आली ती फाटकाबाहेर रस्त्यापलीकडे उभी राहिली. तिथूनच त्या दम लागणाऱ्या दोघींना ओरडून दवाखान्यात पिटाळलं. शेठ विनवायला गेला, "आक्का, आत नको येऊ, फाटकाजवळ नुसती खुर्चीवर बस." आक्का म्हणाली, "धूळ फाटक देखस का, शेठ?" शेठ खाली मान घालून आत आला आणि आक्का कायमची भावाकडे निघून गेली. तिच्या जागी अजून कोणी बसलेलं नाही. बायका तेवढी जागा सोडून बसतात. मला ते बघवत नाही.

परवा अक्कलकुव्याला भाडं होतं, म्हणून तिला भेटायला गेलो. दारातून आत शिरणार तोच ओरडली, "थांब. आधी आंग धोई ये, मिरची लई उना तू." अंगावर आणलेली मिरची धुवायला मी मुकाट्याने नळाखाली बसलो. तिच्या भावाचा सदरा आणि पायजमा घातला. भाऊ केवढा उंच, पायजमा माझ्या छातीपर्यंत आला. मला तसं बघून आक्का हसायला लागली. पथारीवर तिचं हसू नेहमी अर्ध्यावर तुटायचं आणि पुढे नुसता खोकला. सवयीने मी त्या खोकल्याची वाट बघत उभा राहिलो. आक्का पोट धरून हसतच होती, डोळ्यांतून पाणी आलं तरी हसत होती. तिचं पुरतं हसू मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.