दहाव्याचं भाषण

राज्यपाल झालो आणि पहिलंच मोठं काम आलं ते विधानमंडळापुढं अभिभाषण वाचायचं. दुसऱ्यानं लिहिलेलं, चांगलं तासभराचं. "माझ्या शासनानं" अमुक केलं, "माझ्या शासनानं" तमुक केलं. मी तर इकडची काडी तिकडं केली नव्हती. सचिवांनी अदबीनं विचारलं, "सर, थोडा सराव करायचाय?" मनात म्हटलं, बाबा रे, मी जुन्नर-आंबेगावात निवडणुका लढवल्यात. ज्याची काही माहिती नाही त्यावर गळा दाटून बोलायचा सराव माझ्याइतका कुणाला असणार?

आमच्याकडं खरा प्रचार सभेत होत नाही, दहाव्याला होतो. माणूस गेला की दहाव्या दिवशी सकाळी नदीकाठच्या घाटावर दशक्रिया. पिंड ठेवतात, महाराजांचं प्रवचन होतं, आणि मग माइक पुढाऱ्यांकडं येतो. पाचशे माणसं आयती बसलेली आणि मधेच उठून जायची कुणाची छाती नाही. असा श्रोता सभेला मिळतो का? नव्वदच्या निवडणुकीत मी एका सकाळी तीन-तीन दहावे गाठायचो. शेजारी विरोधी उमेदवार असायचाच. दोघंही माना खाली घालून बसायचो आणि कोण जास्त दुःखी दिसतो याची चुरस चालायची.

भाषण एकच. गावाचा आधारवड कोसळला, कधीही न भरून येणारी पोकळी निर्माण झाली, वगैरे. कार्यकर्ता कानात नाव सांगायचा, ते मधे बसवायचं. डिंगोऱ्यात एक बाई गेल्या होत्या. कार्यकर्त्यानं गडबडीत त्यांच्या नवऱ्याचं नाव सांगितलं. दहा मिनिटं मी त्या म्हाताऱ्याला स्वर्गाला धाडत होतो आणि म्हातारा पहिल्या रांगेत बसून मान डोलवत होता. भाषण संपल्यावर माझा हात धरून म्हणाला, "लई ग्वाड बोलला राव. आमच्या टायमालाबी या बरं का." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी दुसऱ्या दिवशी दुसऱ्या घाटावर तेच भाषण ठोकलं.

अशातच, ऐन प्रचारात, माझा थोरला भाऊ गेला. शेतात उभ्या-उभ्या.

दहाव्याला मी डोकं-मिशी उतरवायला बसलो, तर कार्यकर्ते न्हाव्याला आडवे. "भाऊ, मिशी तेवढी ऱ्हाऊ द्या. पोस्टरवर हाय." अरे, माझा भाऊ गेलाय आणि तुम्हाला मिशी सुचते? ओरडलोच मी त्यांच्यावर. सगळं भादरून घेतलं. पुढं घाटावर दोघातिघांनी मलाच विचारलं, "उमेदवार आलं का?"

घरातून निघताना वहिनींनी थांबवलं होतं. "भावजी, आज तुमचं न्हेमीचं बोलू नका. ह्यांचं बोला. ह्ये कसं व्हते ते चार लोकांना कळू द्या." इतक्या वर्षांत वहिनींनी माझ्याकडं मागितलेली ही पहिली गोष्ट. मी हो म्हणालो.

घाटावर विरोधकही आला होता. दहाव्याला कुणाला माइक नाकारता येत नाही. तो उठला आणि म्हणाला, "ह्यांचा एक बैल आन् माझा एक, शर्यतीत आमी एकाच गाड्याला जुंपायचो. ह्यांच्या भावाला ठावं नसंल." नव्हतंच! माझा सख्खा भाऊ माझ्याच विरोधकाचा जोडीदार आणि मला पत्ता नाही! "येकदा ह्यांचा बैल घसरून पडला आन् गाडा हरला. मी तोंडाला यील ते बोललो. ह्यांनी जिंकल्यावर वाटायला आणलेले पेढे काढले आन् त्या बैलाला चारले. म्हणले, गप रं, त्याला आपल्यापरीस जास्त वाईट वाटलंय." बायकांत हुंदके फुटले. मीही ढसाढसा रडलो, विरोधकाच्या भाषणाला, भर प्रचारात.

मग माझं नाव पुकारलं. भाऊ डोळ्यांपुढं होता. मला खांद्यावर घेऊन ओढा ओलांडणारा, मी पहिल्यांदा निवडणुकीत पडलो तेव्हा तीन दिवस माझ्याजवळ नुसता गप्प बसून राहिलेला. मी तोंड उघडलं आणि बाहेर आलं, "गावाचा आधारवड कोसळला." थांबावं म्हटलं, थांबता येईना. पोकळी आली, दीपस्तंभ आला. शेवटी तर म्हणालो, "कुटुंबीयांच्या दुःखात मी सहभागी आहे." अहो, कुटुंबीय मीच होतो! कुणी हसलं नाही. सगळ्यांना सवय होती.

निवडून आलो. नको म्हणत असताना अंगावर टाकलेला गुलाल धुतला आणि वहिनींच्या पाया पडायला गेलो. त्या भाकरी थापत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "भावजी, माझं मत म्या त्याला दिलं. चोरून कशाला ठिवू?"

मी लाजेनं अर्धा झालो. तरी बोललोच, "वहिनी, अहो, मी घरचा माणूस."

"व्हय. पर घरच्यावानी त्यो बोलला."