समोरच्या बोल्टावरचा ठिपका

हे मी आजवर कोणाले सांगितलं नाही. मायले नाही, बायकोले नाही, दारू पिऊन बी नाही — अन् दारू पिल्यावर मी काय काय बोलतो ते अख्ख्या आर्णीले माहीत आहे. तुम्हाले सांगून राह्यलो, कारण तुमचा आवाज मी कधी ऐकला नाही. ज्याचा आवाज मले काढता येते त्याच्यासमोर मले खरं बोलताच येत नाही. अशी घाण खोड कोणाले असते का? मले आहे.

आवाज काढणं हा माहा धंदाच. तहसीलदार, एसटीचा कंडक्टर, सासरी जाणारी नवरी, सर्दी झालेला बोकड — तुम्ही नाव घ्या, मी काढतो. तवा बियाण्याच्या दुकानांसाठी रिक्षात बसून भोंग्यावर बोलाचो. शेतकऱ्याचाच आवाज काढून शेतकऱ्याले सांगाचो, का भाऊ, हेच बियाणं घे, मी घेतलं अन् माहं भलं झालं. त्या वर्षी बोंडअळीनं अर्धी कपाशी खाल्ली. वाचलेल्या कापसाले भाव नाही. लोकांच्या घरात निजाले जागा नाही, एवढा कापूस पडून. पण भोंग्याले कोण पकडते? माह्या हातात पैसा आला. अन् मी काय केलं? गाडी घेतली.

साधी गाडी नाही. चीनमधून पेटीत भरून आलेली, उंच, नारंगी मोटारसायकल. डांबरी रस्त्यावरही चालते अन् शेताच्या धुऱ्यावरूनही चालते, अशी. मोठ्या कंपनीची तशी गाडी घ्याची ऐपत नव्हती म्हणून ही स्वस्तातली. लोक उधारीवर चहा पिऊन राह्यले होते, अन् मले नारंगी गाडीवर चौकातून जाऊन दाखवाचं होतं. आताही हे लिहिताना तोंडात कडू पाणी येते — पण हे तं काहीच नाही. थांबा.

पेटी दसऱ्याच्या आदल्या दिवशी अंगणात उतरली. फळ्या तोडल्या तं आत लोखंडी सांगाडा, अन् त्याच्यात गाडी सुटी सुटी — समोरचं चाक एकीकडं, हँडल एकीकडं, बॅटरी कोरडी ठणठणीत, नटबोल्ट पुड्यांत बांधलेले. सोबत एक पुस्तक. त्यातली इंग्रजी वाचून आमच्या शाळेच्या सरांनी राजीनामा दिला असता. मी गेलो बसस्टँडमागं, रज्जाकचाचाले घेऊन आलो.

रज्जाकचाचा म्हणजे आमच्याकडचा जुना मिस्त्री. ट्रॅक्टर, मोटारसायकल, विहिरीवरचं इंजिन — सगळं त्याच्याकडंच. फार गोड माणूस होता असं समजू नका. गालात सुपारी-तंबाखूचा खर्रा, सकाळी बोलावलं तं दुपारी येणार, काम कमी अन् गावच्या चहाड्या जास्त. अन् प्रत्येक गोष्ट दोनदा म्हणे. पेटीभोवती एक चक्कर मारली अन् सुरू झाला — "परदेसी माल है. परदेसी माल है बेटा. ये लोग बोल्ट बिठाते, कसते नइ."

त्याची एक पद्धत होती. पहिले सगळी गाडी हातानं जोडून घ्याची. मंग एक एक बोल्ट पान्यानं शेवटचा कसाचा, अन् कसला का त्याच्या डोक्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका द्याचा. ठिपका दिसला का समजा काम झालं. ते नेलपॉलिश तो बाजारातल्या बांगडीवाल्याकडून आणे. लोक चिडवत, चाचा, चाचीचा शृंगार चोरला का? तो म्हणे, चाचीनं लावला तं कोणाचा जीव वाचते, माह्यानं वाचते. हे त्यानं खरं म्हणलं होतं. पण मले तवा फक्त त्याचा सूर आवडला. मी तो तिथंच उचलून ठेवला.

संध्याकाळपर्यंत मागचा भाग झाला. चेन, मागचं चाक, इंजिनाचे बोल्ट — सगळीकडं लाल लाल ठिपके. समोरचं चाक नि ब्रेक नुसता बसवला होता. ठिपका एकही नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या भाच्याची दिग्रसले मंगनी होती. जाताना मले म्हणाला, पूजा कर, फोटो काढ, पण चाबी लावू नोको, परवा येऊन समोरचं कसतो. चाबी लावू नोको. दोनदा म्हणाला. अंगणात तवा दुसरं कोणीच नव्हतं. हे ध्यानात ठेवा — मी बी ठेवलं होतं.

दसऱ्याले राळेगावहून ताई अन् भाटवे आले. भाटवे म्हणजे ताईचा नवरा, आमच्या घरचा एकुलता जावई. जावई आला का आमच्या घरी बाबा बी हळू आवाजात खोकलतात. गाडीले झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू. भाटव्यानं गाडीभोवती फिरून पाह्यलं अन् म्हणाला, "काहून बे साळ्या, पाह्यलेच आणली का? का बसता बी येते?"

मी म्हणू शकत होतो का नाही? म्हणू शकत होतो, का समोरचा ब्रेक कसाचा राह्यला आहे. एवढंच वाक्य. माणसाले किती वेळ लागते? पण शेजारचे पोरं गोळा झाले होते, ताई हसून राह्यली होती, अन् गाडी तयार नाही म्हणजे माहीच कमाई अर्धी — असं काहीतरी वाटलं. मी बिनठिपक्याचे बोल्ट पाह्यले. पाह्यले, हो. डोळ्यानं पाह्यले. अन् चाबी काढून भाटव्याच्या हातावर ठेवली.

तो नाल्यापर्यंत गेला. उतारावर ब्रेक दाबला तं एक बोल्ट गळून पडला, ब्रेक फिरला अन् चाकाच्या तारांमधी अडकला. चाक जाम. भाटवा हँडलवरून फेकला गेला. समोरचे दोन दात अन् गळ्याखालचं हासळीचं हाड. ताईची किंकाळी मले अजून काढता येत नाही. तेवढी एकच.

सगळे त्याले घेऊन यवतमाळले दवाखान्यात गेले. मले मागं ठेवलं — गाडी उचलून आण म्हणले. मी ढकलत अंगणात आणली. घर रिकामं. बाबांनी जाता जाता जे विचारलं होतं तेच डोक्यात — "गाडी जोडली कोणं?" जावयाचं हाड सासुरवाडीत मोडलं. आता कोणाचं तरी नाव घ्या लागणार होतं.

ताईची पिशवी खाटेवर पडली होती. त्यात नेलपॉलिशची शिशी होती. लाल. त्याच बांगडीवाल्याकडची.

सांगू का कसं केलं? पहिले बोल्टावरची धूळ माह्या सदऱ्यानं पुसली. ब्रेकचा एक बोल्ट उरला होता, ढिल्ला लटकून. त्याले ठिपका. मंग एकच ठिपका बरा दिसन का? म्हणून चाकाच्या नटाले, हँडलच्या बोल्टाले, सगळ्या समोरच्या बाजूले. चाचा जसा जरा डावीकडं देते, तसाच डावीकडं. नक्कल चांगली पाह्यजे ना. तोंडानं फुंकून वाळवले. शिशी परत पिशवीत ठेवली. तुम्हाले किळस आली? मले तवा आली नव्हती. मले तवा काम नीट जमल्याची मजा वाटली होती. आता किळस येते ती त्या मजेची.

दिग्रसहून चाचा आला तं डायरेक्ट आमच्याकडं आला. बाबांनी त्याले वाट्टेल ते ऐकवलं. तो गाडीजवळ बसला. ठिपके पाहून राह्यला — लय वेळ. बोटानं घासून पाह्यले. मंग माह्याकडं पाह्यलं अन् म्हणाला, का मी तं समोरचं कसलं नव्हतं. तुले बोललो होतो ना मी?

अन् इथं — हे मी कसं लिहू? इथं मी त्याच्याच आवाजात बोललो. खर्रा गालात धरल्यासारखं, नाकातून, दोनदा.

"'हो गया बेटा, हो गया. घुमा के ला.' असंच तं म्हणले होते तुम्ही चाचा. विसरले का?"

तो ऐकत राह्यला. माणसाले आपला आवाज बाहेरून ऐकू येत नाही ना कधी. त्यानं पहिल्यांदा ऐकला असन. एवढा हुबेहूब, का त्याले वाटलं आपणच बोललो असू. मी त्याच्या चेहऱ्यावर ते होताना पाह्यलं. आधी कपाळाले आठी, मंग आठी गेली, मंग तोंड थोडं उघडं. "बोला होगा," म्हणाला. एकदाच म्हणाला.

चार लोक शिव्या देतात, मी मार खातो, पोलिसात जातो — ते परवडलं असतं. पण त्या माणसानं माहं खोटं स्वतःचं म्हणून उचलून घेतलं. पांढरा धुतलेला सदरा घालून, केळं नि संत्री घेऊन तो भाटव्याची माफी मागाले आला. भाटवा दात नसल्यानं हुं हुं करून राह्यला. चहा मी नेऊन दिला. चाचानं कपबशी खाली ठेवली अन् माहा हात हातात घेतला, म्हणाला, "मेरी नजर गई रे बेटा." मी काय म्हणलं असन? म्हणलं, होते चाचा, उमर झाली.

तो गेल्यावर ताईनं विचारलं, का माही शिशी अर्धी कशी झाली. मी तिले बिनदाताच्या भाटव्याचा आवाज काढून दाखवला. ती रडत रडत हसली. मंग तिनं विचारलं नाही.

इथं थांबलो असतो तं? माह्यावर कोणाचा संशय नव्हता. काही कराची गरज नव्हती. तरी मी केलं.

त्या दिवाळीनंतर कापूस खरेदीच्या यार्डासमोर गाड्यांची लाईन लागली. भाव नाही, वजन होत नाही, लोक बैलगाडीखाली पथाऱ्या टाकून पडलेले. ट्रॅक्टरवाले चिडलेले, कंटाळलेले. मी तिथून जाऊन राह्यलो तं कोणीतरी म्हणलं, ये ना बे, कोणाचा आवाज काढ. मी कापसाच्या गाडीवर चढलो अन् मिस्त्री काढला. डोळे मिचकावत, हवेतच बोल्ट शोधत, बैलाच्या शिंगाले ठिपका देत — "कस दिया, कस दिया, अब गिरा तो खुदा जाने." लोक असे हसले, असे हसले का बायकांनी पदर तोंडात कोंबला. त्या लोकांना कितीक दिवसांनी हसू आलं असन. म्हणून मी रोज जाऊ लागलो. लाईन संपेपर्यंत.

अन् त्या लाईनमधी कोण होतं? चाचाचीच गिऱ्हाईकं. आजूबाजूच्या गावांचे ट्रॅक्टर, इंजिनवाले, मोटारसायकलवाले. ते घरी जाताना कापसाचे पैसे नेऊ शकले नाही, माही नक्कल नेली. गावागावात पोरं अंधा मिस्त्री खेळू लागले. त्या वर्षात तसंही कोण गाडी दुरुस्त करते? जो करे तो दुसरीकडं जाऊ लागला.

चाचा डोळ्याच्या शिबिरात जाऊन आला. डॉक्टर म्हणाला, नजर चांगली आहे. दुसरा माणूस खूश झाला असता. चाचा घरी येऊन चाचीले म्हणाला, डोळे ठीक आहेत म्हणजे डोकं गेलं. हे मले त्याच्या शेजाऱ्यानं हसत सांगितलं. मंग तो एकच बोल्ट पुन्हा पुन्हा कसू लागला. कसून कसून आटे मारून टाके. एका ट्रॅक्टरवाल्यानं त्याच्यावर हात उगारला. त्यानंतर दुकान उघडलं नाही. अवजारं भंगारात गेली. म्हातारा-म्हातारी दिग्रसले पोरीकडं राहाले गेले — जावयाच्या घरी. त्याले ते कसं वाटलं असन हे मी तुम्हाले सांगाले पाह्यजे का?

नारंगी गाडी मी विकली. दिसलीच का मळमळे, असं म्हणलो असतो तं बरं दिसलं असतं. पण तसं काही नाही. घेणारा भेटला म्हणून विकली.

परवाच चाचा बसस्टँडवर भेटला. काहीतरी कागदाच्या कामाले आर्णीले आलता. वाळला होता. गालात खर्रा नव्हता. मले पाहून खूश झाला, पोराबाळांची विचारपूस केली. भाटव्याचं हाड बरं आहे का हे बी विचारलं — इतक्या वर्षांनी. मी म्हणलं, बरं आहे. खरं बोलाची वेळ होती. बस याले अवकाश होता. कोणी ऐकून राह्यलं नव्हतं.

त्याच्याजवळ पाण्याची बाटली होती. एक घोट पिला, झाकण लावलं, अन् बाटली माह्यासमोर धरली.

"देख तो बेटा. टाइट है क्या?"

मी घेतली. झाकण फिरवून पाह्यलं. एवढं आवळलेलं होतं का माह्याच्यानं उघडलं नाही.

म्हणलं, टाइट आहे चाचा. त्यानं मान हलवली. बस लागली, मी त्याले हात देऊन चढवलं. खिडकीजवळ बसला. मी खाली उभा होतो. बस स्टँडातून बाहेर वळली तरी तो मांडीवर बाटली धरून ते झाकण फिरवून राह्यला होता.