चारी चाकांचा मुराळी

आमची जिप्सी पहिल्यांदा दारात उभी राहिली तेव्हा शेजारच्या बेन म्हणाल्या, "आ गाडी छे के तंबू?" मला भयंकर राग आला, कारण मनात मीही तेच म्हणाले होते. छत कापडाचं, टिचबटणांनी लावायचं. खिडक्या प्लास्टिकच्या, त्याही पिवळ्या पडलेल्या. मागे दोन बाकं समोरासमोर, त्यामुळे बसणाऱ्यांच्या गुडघ्यांची आधी ओळख व्हायची आणि मग माणसांची. इंजिन पेट्रोलचं, हजार सीसीलाही थोडं कमी. गिअर चार. खाली पाट्यांच्या स्प्रिंगा, म्हणजे सुरतेतला प्रत्येक खड्डा थेट मणक्याला कळवला जायचा.

माझा नवरा तेव्हा कडोदऱ्याच्या लूमखात्यांमधून, म्हणजे कापडाच्या मागांच्या कारखान्यांतून, विजेच्या मोटारी दुरुस्त करत फिरायचा. जळक्या मोटारी स्कूटरवर घालून आणता आणता कंबर मोडायची, म्हणून चलथाणच्या एका ऊसवाल्याकडून ही जुनी गाडी त्यानं घेतली. मोटारी काय टेम्पोतूनही आल्या असत्या. पण गिअरच्या दांड्याशेजारी आणखी एक आखूड दांडा होता, त्यावर ह्याचा जीव जडला. "हा ओढला की चारी चाकं जोर लावतात," तो प्रत्येक पाहुण्याला सांगे. सुरतेच्या डांबरी रस्त्यावर चारी चाकांनी जोर कशासाठी लावायचा, हे विचारलं की मात्र तो गाडी पुसायला लागे.

मीही कोरडी राहिले नाही. दर दसऱ्याला लूमची पूजा होते तशी गाडीची पूजा माझ्याकडे असायची. स्टिअरिंगला, बोनेटला आणि चारी चाकांच्या मधोमध तेलात कालवलेलं हळदकुंकू मी सढळ हातानं लावायची. पुढच्या चाकांना मध्ये उंचवटा होता, तिथं बोट छान टेकायचं. दोन दसऱ्यांत तिथं कुंकवाची चांगली खपली धरली.

मग ती आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आम्हा खान्देशी लेकींचा हा माहेरचा सण. झोके, गौराईची गाणी, सांजोऱ्या. पण लेकीनं आपलं आपण उठून जायचं नसतं. माहेरचा मुराळी, म्हणजे बहुतेकदा भाऊच, न्यायला यावा लागतो. माझा एकुलता भाऊ फौजेत, त्या वर्षी त्याला रजा मिळाली नाही. आईनं गावातल्या एकुलत्या फोनवरून सांगितलं, "औंदा ऱ्हाऊ दे माय. मुराई नही, ते तू कशी येशी?"

फोन ठेवून मी रडले. आई माझी वाट पाहत होती, हे तिच्या आवाजात कळत होतं, पण गाव काय म्हणेल याची तिला धास्ती होती. न बोलावता आली, कुणी न्यायलाही गेलं नाही, असं चारचौघींनी म्हटलेलं तिला सोसलं नसतं. मलाही नसतं.

नवरा म्हणाला, "गाडी येईल तुला न्यायला. मी नुसता ड्रायव्हर."

"चावटपणा पुरे," मी म्हटलं. आणि रात्रभर विचार करून सकाळी पिशवी भरली.

व्यारा, नवापूर, कोंडाईबारीचा घाट असं करत आम्ही बुराई नदीपाशी पोचलो. फरशी पूल खचला होता, वाट पात्रातून काढली होती. पाणी टिपूसभर नाही, नुसती वाळू. नवऱ्याचे डोळे चमकले. इतक्या दिवसांनी त्या दांड्याला काम मिळालं होतं. त्यानं तो ऐटीत ओढला, आणि पात्राच्या मध्यावर गाडी रुतली. मागची चाकं गरगर फिरून वाळू उडवत होती. पुढची मात्र पाटावर बसलेल्या जावयासारखी स्वस्थ.

"दांडा ओढलाय ना?" मी विचारलं.

"ओढलाय."

"मग तो काय शोभेचा आहे?"

पलीकडच्या काठावर माझ्याच माहेरचे एक आजोबा बैलजोडी घेऊन उभे होते. "जुपू का बैल?" असं त्यांनी हाक मारून विचारलं. मी जोरात नाही म्हटलं. मला न्यायला आलेला मुराळीच बैलांनी ओढत गावात शिरला, तर आईनं तोंड कुठं लपवायचं? त्यापेक्षा परत सुरत बरी, असं मी बोलून बसले. गाव समोर दिसत होतं. आमच्या निंबाचा शेंडासुद्धा.

सावली तेवढी पुढच्या चाकापाशी होती. तिथं बसून रागारागानं मी नखानं कुंकवाची खपली खरवडू लागले. एवढी पूजा केली तुझी, आणि हे पांग फेडलेस? खपली निघाली, तसा खाली एक बाण दिसला. पुसलं तर बाणाच्या एका बाजूला 'फ्री' आणि दुसऱ्या बाजूला 'लॉक', इंग्रजीत. बाण 'फ्री'वर होता.

नवरा गुडघ्यांवर बसला, बघत राहिला आणि हसत सुटला. पुढची चाकं मोकळी सोडलेली होती. मधला खटका हातानं 'लॉक'वर फिरवून ती अडकवल्याशिवाय तो दांडा नुसताच दांडा होता. विकणाऱ्यानं सांगितलं नव्हतं आणि माझ्या भक्तीनं दिसू दिलं नव्हतं. तेलाकुंकवानं घट्ट बसलेला तो खटका त्यानं पान्याच्या साहाय्यानं फिरवला, मग दुसऱ्या चाकाचा. आखूड दांडा आणखी खाली घेतला. इंजिन खालच्या आवाजात गुरगुरलं, पुढची चाकं हलली, आणि गाडी वाळू तुडवत सावकाश, कुणाचीही मदत न घेता काठावर चढली. मी चालत्या गाडीमागे धावत टाळ्या वाजवत होते. आयुष्यात इतकी खूश मी फार कमी वेळा झाले आहे.

आई ओट्यावरच उभी होती. शेजारणी जमल्या. आईचा चेहरा उजळला आणि लगेच आवळला. सगळ्यांदेखत तिनं मला न्यायला कोण आलं ते विचारलं, "तुले लेवाले कोन उना?"

मी गाडीकडे बोट केलं. "हाई उनी. मुराई म्हनीसन."

कुणीतरी फिस्सकन हसलं. आईनं चाकांना लागलेली वाळू पाहिली, नदीकडे पाहिलं आणि आत निघून गेली. मला वाटलं, संपलं. पण ती बाहेर आली ती भाकरीचा तुकडा आणि घागर घेऊन. तुकडा माझ्यावरून ओवाळून टाकला. मग खाली वाकून, मुराळ्याचे पाय धुवावेत तसं तिनं गाडीच्या पुढच्या दोन्ही चाकांवर पाणी घातलं. उरलेली घागर जावयाच्या हातात देऊन म्हणाली, "याले पानी पाजा पहिले."

रेडिएटर खरोखरच तहानलेला होता.

पुढच्या आखाजीला भावाला रजा मिळाली. तो सुरतेला मला न्यायला आला आणि आम्ही सगळे जिप्सीतूनच गेलो. आई तांब्या घेऊन ओट्यावरून उतरली. भावानं बूट काढून पाय पुढे केले. ती त्याला वळसा घालून पुढे गेली आणि तिनं आधी चाकांवर पाणी घातलं.

"आई, मुराळी मी आहे," तो म्हणाला.

"शेस ना," आई मान डोलावून म्हणाली. "पन तू नव्हता तवय हाऊ उना."