पंचवटीतला दूतावास

कुणीतरी परक्या देशाच्या दूतावासात आसरा घेतलाय, बाहेर पोलीस ताटकळलेत आणि कोर्टात वकिलांची जुंपलीय, अशी बातमी आली की मला माझ्या आत्याचं पंचवटीतलं घर आठवतं. नवरा म्हणतो, तुला कशावरूनही माहेरच आठवतं. आठवतं, त्याला मी काय करू!

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, निफाडकडचे कांद्याचे शेतकरी आणि कांदा आंदोलनातले पुढारी. निर्यातबंदी झाली की लासलगावचे लिलाव बंद पाडायला पहिली आरोळी त्यांची. दगड त्यांनी कधी उचलला नाही. तरी मंत्र्यांचा दौरा लागला की आदल्या संध्याकाळी आमच्या दारात ओळखीचे हवालदारकाका हजर. "अण्णा, सायबांनी चहाला बोलावलंय." तो चहा दुसऱ्या दिवशी मंत्री परत जाईपर्यंत संपायचा नाही. गुन्हा नाही, कागद नाही, नुसतं ठाण्यात बसवून ठेवायचं. आई दोन डबे भरायची, एक अण्णांचा, एक काकांचा. मला तर ते सणासारखं वाटायचं. वर्गात मी मिरवायचे, उद्या मंत्री येणार म्हणून आमच्या अण्णांना आज जीप न्यायला येणार! आता ते आठवलं की हसू येतं आणि त्या हसण्याचा रागही येतो.

माझ्या लग्नाच्या दिवशीच लासलगावला मंत्र्यांची सभा लागली. व्हॉट्सअॅपवर तिचं पोस्टर बघून आई मटकन खाली बसली. लग्न नाशकात होतं, पंचवटीतल्या कार्यालयात. कन्यादानाला अण्णाच नसले तर? चुलत्याला बसवू, असं कुणीतरी सुचवलं आणि आत्याचं डोकं फिरलं. ती अण्णांची थोरली बहीण, आवाज सबंध गल्लीला पुरेल असा. शहराचे पोलीस वेगळे, ग्रामीणचे वेगळे, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं भावाला लग्नाआधीच उचलून आपल्या घरी आणलं.

आदल्या संध्याकाळी ग्रामीणची जीप पंचवटीत आलीच. भाजीच्या गाड्यांत ती गल्लीच्या तोंडाशीच अडकली, म्हणून हवालदारकाका आणि एक तरुण फौजदार चालत आले. आत्या उंबऱ्यात उभी. मी तिच्या पाठीशी, अंगाला हळद लागलेली.

"वॉरंट आहे?" आत्यानं विचारलं.

"वॉरंट कशाला, अक्का? नुसतं चहाला..." काका म्हणाले.

"चहा मी टाकते. आणि ही हद्द तुमची कधीपासून झाली?"

फौजदारानं शहर पोलिसांना फोन लावला. तिकडून एक साहेब आले. मंत्री आपल्या हद्दीत येत नाहीत हे ऐकून त्यांना हायसं वाटलं. "तुमचा माणूस, तुमचं तुम्ही बघा. पण घरात शिरायचं तर कागद आणा," एवढं बोलून ते निघून गेले. प्रत्यार्पण आत्याच्या ओट्यावरच फिसकटलं. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

काका मात्र पायरीवर डोकं धरून बसले. "अण्णा, लय वर्षांची ओळख हाय आपली. तुम्ही सभेत दिसले, तर माझं काही खरं नाय. निदान येणार नाय असं लिहून तरी द्या."

अण्णा आतून बाहेर आले. "न केलेल्या गुन्ह्याची हमी मी लिहून देत नसतो. शब्द देतो. उद्या सप्तपदी झाली की मीच येऊन जीपमध्ये बसतो."

आत्या त्यांच्यावर जाम डाफरली. पण शब्द गेला होता.

कन्यादान अण्णांनीच केलं. काका साध्या कपड्यांत, मनापासून अक्षता टाकत होते. सप्तपदी झाली आणि पंगत बसायच्या आत अण्णा उपरणं सावरत निघाले. पाठवणी माझी व्हायची, तर मीच रडत त्यांना जीपपर्यंत पोचवलं.

संध्याकाळी आमची गाडी येवल्याकडे, सासरी निघाली. ठाणं वाटेवरच होतं. मी नवऱ्याला गाडी थांबवायला सांगितलं. त्यानं का म्हणून विचारलं नाही, आणि तेवढ्यावर मी त्याचं आजवर बरंच खपवून घेतलंय. शालू सावरत मी ठाण्यात गेले. अण्णा बाकावर बसले होते. मी वाकून नमस्कार केला. सभा अजून संपली नव्हती, त्यामुळे त्यांना सोडायचा प्रश्नच नव्हता.

इतक्या वर्षांत अण्णांनी तिथं कुणाकडे काही मागितलं नव्हतं. विनाकारण बसवणाऱ्याकडे मागायचं काय, असं ते म्हणायचे. त्या दिवशी ते उठले, ठाण्याच्या साहेबांच्या टेबलापुढे गेले आणि हात जोडले.

"साहेब, पाच मिनिटं बाहेर जाऊ द्या. पोरीला गाडीत बसवून लगेच येतो."

साहेबांनी मान हलवली. अण्णांनी मला गाडीत बसवलं, दारात अडकेल म्हणून माझा पदर आत सारला आणि दार लावलं. मग मागं न बघता पायऱ्या चढून आपणहून आत गेले.

ते दिवस मला अजून हवेहवेसे वाटतात. जीप, डबे, हवालदारकाका, सगळं मी मुलांना रंगवून सांगते. अण्णांना त्यांनी किती वेळा नेलं, याचं आता मला काही वाटत नाही. पण माझ्यासाठी अण्णांना हात जोडावे लागले, त्याबद्दल मी पोलिसांना आजही माफ केलेलं नाही.