तीन हजार हर्ट्झची शिट्टी

त्या काळ्या डब्याला स्पीकरच नव्हता, आणि कानसेनचं डोकं तिथूनच फिरलं.

"रेडिओला स्पीकर नाही?" तो फोनवर लेकीला ओरडला. "उद्या बिनचाकांची गाडी पाठवशील आणि म्हणशील, चाकं शेजाऱ्यांकडून आणा!"

"बाबा, आवाज कॉम्प्युटरमधून येतो. माईकसुद्धा कॉम्प्युटरलाच लावायचा. डबा फक्त लहरी पकडतो आणि सोडतो, बाकीचं सगळं सॉफ्टवेअर करतं."

"म्हणजे माझं तोंड आणि माझे कान, दोन्ही त्या कॉम्प्युटरच्या मेहेरबानीवर."

"हो," लेक म्हणाली. तिची मीटिंग होती, तिने फोन ठेवला.

कानसेन हे नाव त्याला कारखान्यात पडलं. गाड्यांचे हॉर्न बनवणाऱ्या कारखान्यात त्याने एकतीस वर्षं काढली. हॉर्नच्या पाठीमागे एक स्क्रू असतो. तो पेचकसाने पाव आटा फिरवायचा, बटण दाबायचं, ऐकायचं, पुन्हा फिरवायचा. सूर बसला की शिक्का मारून हॉर्न पुढे सरकवायचा. दिवसाला चारशे हॉर्न. मोजायचं यंत्र आलं तेव्हा सुपरवायझर म्हणाला होता, यंत्र राहू दे, आमचा कानसेन बरोबर आहे. ते वाक्य त्याने आयुष्यभर छातीवर बिल्ल्यासारखं मिरवलं.

घरी त्याला एकच वेड होतं, हौशी रेडिओचं. परवाना काढून सव्वीस वर्षं झाली होती. रोज सकाळी साडेसातला ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर पंधरा-वीस जण जमायचे. त्याला ते नेट म्हणत. नेट कानसेन चालवायचा. कोण आधी बोलणार, कोण नंतर, हे तो ठरवायचा, आणि प्रत्येकाला त्याच्या आवाजाचा रिपोर्टही तोच द्यायचा. बास जास्त आहे, माईक तोंडापासून लांब धरा, मागे पंखा चालू आहे, बंद करा. कानसेनने "आवाज ठीक" एवढं म्हटलं की समोरचा माणूस आठवडाभर खुशीत असे. राग नाकावर, जीभ तिखट, पण कान पक्का, असं सगळे म्हणायचे, आणि हे तो स्वतः सगळ्यांपेक्षा जास्त वेळा म्हणायचा.

वीस वर्षांचा जुना सेट जळला म्हणून लेकीने हा डबा पाठवला होता. पहिल्याच सकाळी फजिती झाली. महागातला माईक तोंडासमोर धरून तो दहा मिनिटं बोलला आणि सॉफ्टवेअरने आवाज घेतला लॅपटॉपच्या कडेला असलेल्या टिचभर माईकमधून. "मागे भांडी आपटताहेत," असं कोणीतरी सांगितलं. कानसेन तडक स्वयंपाकघरात गेला आणि बायकोवर ओरडला. मग परत येऊन सेटिंगची यादी उघडली. इनपुटच्या खाली पाच नावं, आउटपुटच्या खाली सहा. त्यांतलं एक तर अशा केबलचं, जी मुळात नव्हतीच. एका प्रोग्रॅमचा आवाज दुसऱ्यात न्यायला सॉफ्टवेअरनेच बनवलेली. "नसलेली केबल!" तो भिंतीला म्हणाला. तरीही त्याने चिकाटीने एकेक नाव तपासलं, योग्य माईक निवडला, कॉम्प्युटरच्या टिंगटाँग घंट्या रेडिओच्या वाटेतून हाकलल्या, पातळी लाल पट्टीच्या खाली आणली आणि सगळं वहीत उतरवलं. त्या माणसाला काम येत होतं, हे मान्यच करायला हवं.

आणि मग ती नर्स आली.

परवाना नुकताच मिळालेला, नवा आवाज. कामावर जाण्याआधी वीस मिनिटं नेटवर यायची. पहिल्या दिवशी कानसेनने रिपोर्ट दिला, "आवाज उशीखालून येतोय. शब्द कळत नाहीत." ती दुसऱ्या दिवशी दुसरा माईक लावून आली. "कालच्यापेक्षा वाईट," कानसेन म्हणाला. तिसऱ्या दिवशी ती बोलली ते त्याला नुसतं आ-ओ-आ असं ऐकू आलं आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मॅडम, आधी ऑडिओ सुधारा, मग नेटवर या. पंधरा माणसं खोळंबलीत इथे. तोंडातल्या तोंडात बोलायचं असेल तर घरी बोला. ओव्हर."

तिने काहीतरी उत्तर दिलं. ते त्याला कळलं नाही. त्याने तिचं नाव यादीतून खोडलं.

तासाभराने घड्याळजीचा फोन आला. हा घड्याळं दुरुस्त करायचा, आणि नेटवरचा सगळ्यांत जुना गडी. "अरे, त्या पोरीला कशाला झापलंस? मला तिचा शब्दन् शब्द ऐकू येतो."

"तुझा कान आणि माझा कान एक आहे का?"

"नाही बाबा," घड्याळजी म्हणाला आणि गप्प बसला. कानसेनशी वाद घालण्यापेक्षा गप्प बसलेलं परवडतं, हे त्याला वीस वर्षांत कळलं होतं.

पण कानसेनला आता पुरावा हवा होता. नव्या डब्याची एक गोष्ट मात्र त्याला आवडली होती. आवाज स्पीकरला जायच्या आधीच जसाच्या तसा फाइलमध्ये साठवता यायचा आणि त्याचं चित्र पडद्यावर काढता यायचं. खाली जाड सूर, वर बारीक सूर, जिथे आवाज तिथे उजेड. तीन दिवसांचं रेकॉर्डिंग होतंच. घड्याळजीचं चित्र एका बाजूला ठेवायचं, नर्सचं दुसऱ्या बाजूला, आणि नेटवर सगळ्यांना पाठवून द्यायचं, की बघा, हिचा वरचा भाग रिकामा आहे. मग बोला माझ्या कानाबद्दल.

त्याने चित्रं काढली. घड्याळजीचं दोन हजार हर्ट्झच्या पुढे विरळ झालं होतं. नर्सचं तळापासून तीन हजारांपर्यंत उजळलेलं होतं. एकेक स, एकेक श, एकेक च लख्ख वर चढलेला.

म्हणजे तिचा माईक चांगला होता. डबा चांगला होता. मग दोष पुढे होता. "आउटपुट!" तो जवळजवळ आनंदाने ओरडला. त्याने स्पीकर बदलला. हेडफोन लावला. हेडफोनही बदलला. यादीतली सहाही नावं एकेक करून निवडून पाहिली. नर्स आ-ओ-आच करत राहिली. शेवटी त्याने सॉफ्टवेअरमधलं शिट्टीचं बटण शोधलं. त्यातून हवा तो सूर स्पीकरला पाठवता येतो आणि स्पीकर कुठे दगा देतो ते कळतं. पाचशे हर्ट्झ, ठणठणीत. हजार, उत्तम. दोन हजार, अगदी क्षीण. तीन हजार, काहीच नाही. त्याने आवाज वाढवला. आणखी वाढवला. पार टोकाला नेला.

"अहो, बंद करा ते!" बायको दारात उभी होती. हात ओले होते, आणि तसेच ओले हात तिने कानांवर दाबले होते. "कान फाटायची वेळ आली!"

"काय बंद करू? अजून काही वाजतच नाहीये!"

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग ती पुढे आली आणि तिने स्पीकरची वायर उपटली. कानावरचा दुसरा हातही आता खाली आला.

"वाजत होतं," ती म्हणाली. "मघापासून वाजत होतं."

कानसेनने वायर पुन्हा लावली, आवाज खाली आणला आणि नर्सचं रेकॉर्डिंग सुरू केलं. "काय म्हणतेय ही?"

बायको पदराला हात पुसत ऐकत राहिली. "म्हणतेय, सर, सॉरी, मी तिसरा माईक उसना आणलाय, वरच्या पट्ट्या वाढवल्यात, अजून काय करू तेवढं सांगा, मला शिकायचंय." तिने त्याच्याकडे पाहिलं. "स्वच्छ बोलतेय की."

तो खुर्चीत बसून राहिला आणि त्याच्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसू लागली. जुन्या सेटचं बारीक सूर वाढवायचं बटण दहा वर्षं शेवटपर्यंत उजवीकडे पिळलेलं होतं, ते का, हे आता कळलं. घड्याळजी आणि बाकीचे जुने लोक त्याला कळायचे, कारण ते वीस वर्षं तीच वाक्यं बोलत होते. त्यांचं बोलणं त्याला पाठ होतं. नवी वाक्यं घेऊन फक्त नर्स आली होती.

मग त्याला राग आला, आणि आजवरचे सगळे राग त्याच्यापुढे पोरखेळ होते. कारखान्यात कानात घालायला कापूस मिळायचा, तोही मागितला तर. दरवर्षी कंपनीचा डॉक्टर यायचा, मागे उभा राहून तोफेसारख्या आवाजात विचारायचा, "ऐकू येतंय का?" सगळे हो म्हणायचे, आणि कागदावर श्रवणशक्ती उत्तम असा शिक्का पडायचा. एकतीस शिक्के. हॉर्नवर मारायचे तसेच. ज्या कानावर कंपनीने एकतीस वर्षं कमावलं, त्याच कानाचा तिने चोथा केला आणि निरोपाला एक भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते घड्याळ समोरच होतं. टिकटिक करतं की नाही, हे त्याला सांगता येईना.

आणि त्याहून वाईट आठवण पुढची होती. शेजारच्या बाकावरच्या एकाने स्वतःच्या पैशाने कानांवर लावायचे जाड मफ आणले होते. सगळ्या शॉपमध्ये त्याची टर उडवली गेली. पुढाकार कोणाचा? कानसेनचा. "बाळाला थंडी वाजते," असं म्हणून त्याने त्याला टोपडं आणून दिलं होतं. त्या माणसाने आठ दिवसांत मफ काढून टाकले. कानसेनने टेबलावर मूठ आपटली. डबा उडाला. ह्या रागाला आउटपुटच्या यादीतलं कुठलंच नाव लागू पडत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासातला तो स्वयंपाकघराच्या दारात आला. "जरा माझ्या खोलीत बसतेस?"

सव्वीस वर्षांत ह्या खोलीत तिला बसायला बोलावलं गेलं नव्हतं. तिने गॅस बारीक केला आणि आली. त्याने दुसरी खुर्ची ओढून दिली.

नेट सुरू झालं. कानसेनने कोणालाच रिपोर्ट दिला नाही. त्याने नर्सच्या परवान्यावरचं चिन्ह, कॉलसाइन, पुकारलं. पडदा काळाच राहिला. पुन्हा पुकारलं. तिसऱ्यांदा पुकारलं, आणि ती आली नसती तर तिचंही काही चुकलं नसतं. मग पडद्यावर एक उजळ पट्टा उठला.

बायको वाकून ऐकत होती. "विचारतेय, सर, आज तरी ऐकू येतंय का?"

कानसेनने पायाखालचं पेडल दाबलं. पेडल दाबलेलं असेपर्यंत माईकसमोरचं सगळं हवेत जातं. "नाही," तो म्हणाला. "ऐकू येत नाही. पण आवाज चांगला आहे. पहिल्या दिवसापासून चांगलाच होता, चित्र आहे माझ्याकडे. दोष माझ्या कानात आहे. एकतीस वर्षं हॉर्न वाजवून गेलेत ते, आणि हे मला काल कळलं. तुम्हाला सगळ्यांसमोर बोललो, म्हणून सगळ्यांसमोर सांगतोय. चुकलो. माफ करा. आजपासून आवाजाचा रिपोर्ट घड्याळजी देतील."

बायको खिडकीकडे बघत होती. ती तशीच, हळू आवाजात काहीतरी बोलली. कानसेनला ते ऐकू आलं नाही. पण पडद्यावर दिसलं. एक छोटं वाक्य, तळापासून वरपर्यंत लख्ख उमटलेलं. त्याचा पाय अजून पेडलवरच होता.

सव्वीस वर्षांत परवाना नसलेल्या माणसाचा शब्द त्याने कधी हवेत जाऊ दिला नव्हता. त्याने पाय उचलला. "काय म्हणालीस?"

बायकोने खुर्ची त्याच्याकडे वळवली. तिचे डोळे लाल झाले होते, आणि ते रडून नव्हे. ओठ नीट दिसतील इतकं तोंड समोर आणून ती मोठ्यांदा, सावकाश म्हणाली,

"तिला तुम्ही तीन दिवस म्हणालात, तोंडातल्या तोंडात बोलते. मला दहा वर्षं म्हणताय. माझी माफी कोणासमोर मागणार?"

नेटवरच्या पंधराच्या पंधरा जणांनी ते पहिल्याच वेळी ऐकलं होतं.