सात नावांचा खांब

आमच्या गावात सतरा सप्टेंबरच्या आठ दिवस आधी देशभक्ती येते आणि अठराला दुपारपर्यंत निघून जाते. एरवी मुक्तिसंग्रामाच्या खांबाला शेळ्या बांधलेल्या असतात, वर कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स लटकत असतो आणि ओट्यावर पत्ते कुटणारी मंडळी निवांत बसलेली असतात. सतराच्या आधी मात्र शेळ्या सोडायच्या, फ्लेक्स उतरवायचा आणि खांबाला ऑइल पेंटचा एक हात मारायचा, ही आमची रीत. आधी जुना रंग खरवडावा लागतो, हे इतक्या वर्षांत कुणाला सुचलं नाही. रंगावर रंग चढत गेला आणि दगडात कोरलेली सात नावं केव्हाच बुजली. मग शेजारच्या गोरेगावचा पेंटर यायचा, गेल्या साली स्वतःच काढलेली नावं कागदावर उतरवून घ्यायचा, त्यांवर रंग फासायचा आणि तीच नावं पुन्हा ब्रशने काढायचा. रझाकारांनी मारलेल्या सात माणसांची आठवण गावात एवढ्याच भरवशावर टिकून होती.

मी इथल्याच शाळेत मास्तर होतो आणि इथूनच निवृत्त झालो. झेंडावंदनानंतर खांबावरची नावं वाचायचा मान माझा, कारण त्यातलं चौथं नाव माझ्या आजोबांचं. वडील सांगत, आजोबा निजामाच्या हद्दीपलीकडे, वऱ्हाडात लढणाऱ्या पोरांच्या कँपावर गेले ते परत आलेच नाहीत. चौथं नाव वाचताना माझा आवाज जरा जड व्हायचा, आणि तो जड होतो हे मला आवडायचं.

मुक्तिसंग्रामाला पंच्याहत्तर वर्षं झाली तेव्हा स्मारकांचं सुशोभीकरण करा, असं वरून फर्मान आलं. सुशोभीकरण म्हणजे काय ते आमच्याकडे ठरलेलं आहे. फरशी, स्टीलचं रेलिंग आणि फोटो काढायला बदामाच्या आकाराची कमान. जिथून सात माणसांच्या अंत्ययात्रा निघाल्या, तिथे नव्या जोडप्यांनी बदामात उभं राहावं अशी आमच्या समितीची इच्छा होती. कमान कशीबशी टळली. ती कुणाला लाज वाटून टळली नाही, ट्रॅक्टर वळायला जागा उरेना म्हणून टळली.

खांबावर काळं ग्रॅनाइट बसवायचं आणि त्यात नावं कोरायची हे मात्र पक्कं झालं. ग्रॅनाइट म्हटल्यावर गावातल्या निम्म्या घरांना एकेक हुतात्मा आठवला. एक जण ज्या आजोबांचं नाव घेऊन आला, ते त्या साली पाळण्यात होते आणि त्यांच्या तेराव्याला मी स्वतः जेवून आलो होतो. दुसऱ्याचे आजोबा रझाकारांनी गोळीबार केला त्या दिवशी कडब्याच्या गंजीत लपून बसले होते. ही गोष्ट ते स्वतःच मरेपर्यंत हसत हसत सांगायचे. नातवाने आता त्या गंजीचं भूमिगत कार्य करून आणलं होतं, लॅमिनेशनसकट. समितीने यादी माझ्यावर सोपवली होती, म्हणून ही सगळी वरात माझ्या दारात. मी एकेकाला परत पाठवलं. ‘हुतात्मा व्हायला मरावं लागतं,’ असं मी एकाला सुनावलं. ते वाक्य चार दिवस गावात फिरलं आणि मी तेवढे चार दिवस खुशीत होतो.

त्याच गर्दीत आत्याबाई आल्या. गावच्या लेकीला सगळं गाव आत्याच म्हणतं. या दिल्या होत्या डोंगरकड्याला. नवरा गेल्यावर पाच-सहा वर्षांपूर्वी माहेरी चुलतभावाच्या मुलाकडे राहायला आल्या. वय ऐंशीच्या पुढे, लिहिता-वाचता येत नाही, हातात लॅमिनेशन नाही. त्या दारातच बसल्या.

‘गुरुजी, माझ्या बापाचं नाव काहून घेत न्हाई तुमी?’

मी म्हणालो, ‘खांबावर आहेत तेवढी घेतो की.’

‘दर साली ऐकून राहिले मी. पयल्या साली वाटलं, मलाच बराबर ऐकू आलं न्हाई. मग पुढं येऊन बसले. तरी न्हाई.’

त्यांचे वडील कँपावरच्या पोरांना भाकरी पोचवायचे. त्या सात-आठ वर्षांच्या असताना वडिलांचं प्रेत बैलगाडीत घालून घरी आणलं, ते त्यांनी पाहिलं होतं. खांब त्यांच्या लग्नाआधी बसला. ‘तवाच्या मास्तरांनी माझं बोट धरून बापाच्या नावावर फिरवलं व्हतं,’ त्या म्हणाल्या. ‘आता या काळ्या दगडावर आलं न्हाई, तर मी गेल्यावर कोन सांगन?’

मी समितीला विचारलं. समिती म्हणाली, पुरावा आणा. कडब्याच्या गंजीकडे ज्यांनी पुरावा मागितला नव्हता, त्यांनी या बाईकडे मागितला. माझं डोकं फिरलं. म्हटलं, पुरावा दगडात आहे, मी काढतो. खरं सांगायचं तर आत्याबाईंची दया मला नंतर आली, आधी आला तो समितीचं तोंड काळं करायचा उत्साह.

सोयाबीनच्या शेंगा भरल्या होत्या आणि गाव रानात होतं. भर दुपारी मी थिनर आणि लोखंडी पत्ती घेऊन खांबाशी बसलो. आत्याबाई कडुनिंबाच्या सावलीत. माझा अंदाज होता की आठवी ओळ असणार आणि ती खाली रंगात गडप झाली असणार. खालून सुरुवात केली. दगड कोरा निघाला. मग वरून खरवडायला लागलो. पिवळा, खाली निळा, खाली हिरवा, असा बोटभर जाड थर. पहिलं नाव रंगात होतं तेच दगडात निघालं. दुसरं तेच. तिसरंही तेच.

चौथं माझ्या आजोबांचं. हात जरा जपून चालवला, घरचं नाव म्हणून. पिवळ्यात आजोबा होते, निळ्यात होते, हिरव्यातही होते. त्याच्या खाली पांढऱ्यात नव्हते. पत्ती दगडाला लागली तेव्हा खाचेत जे नाव उमटलं, ते आत्याबाईंच्या बापाचं होतं.

मी पत्ती खाली ठेवली. आई एकदा म्हणाली होती, ‘मामंजी तिकडं वऱ्हाडात पाहुण्यांच्या घरी तापानं गेले.’ मी तेव्हा ते कानावरून जाऊ दिलं होतं. माझे वडील बरीच वर्षं ग्रामपंचायतीत होते आणि त्या काळी पेंटरला यादी तेच द्यायचे. खांब सात ओळींचा. आठवं नाव बसत नव्हतं, म्हणून ज्या घरात बोलणारं कुणी उरलं नव्हतं, एकुलती लेक लांब दिलेली होती, त्या घराची ओळ त्यांनी घेतली. कडब्याच्या गंजीने निदान दुसऱ्याची जागा घेतली नव्हती.

‘दिसलं का वो गुरुजी?’ आत्याबाईंनी सावलीतून विचारलं.

‘दिसलं. वरून चौथं.’

त्या उठून आल्या. बोट खाचेत घातलं आणि पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत हळूहळू नेलं, मग परत पहिल्यापासून. रडल्या नाहीत. बोटाला लागलेला हिरवा रंग पदराला पुसला.

‘याच्यावर रंगात काय लिव्हलं व्हतं?’

‘काही नाही,’ मी म्हणालो. ‘नुसता रंग होता.’

हे बोलायला मला क्षणभरही विचार करावा लागला नाही. पाऊस येईल, उघडा दगड खराब होईल, असं सांगून संध्याकाळच्या आत मी पेंटरला बोलावलं आणि खांबाला रंगाचे दोन हात मारून घेतले. समितीकडे यादी दिली. गुरुजींनी स्वतः खरवडून पाहिलं, म्हणजे आणखी पुरावा कशाला, असं म्हणून त्यांनी ती न वाचता मंजूर केली. यादीत चौथं नाव आत्याबाईंच्या वडिलांचं होतं. आणि यादीत आठ नावं होती. ग्रॅनाइट जुन्या दगडावरच चिकटवावं, ही सूचनाही माझीच.

सतराला पाहुणे उशिरा आले आणि त्यांनी भाषणात निजामाऐवजी इंग्रजांना हाकललं. मी आठ नावं वाचली. चौथ्याला आत्याबाईंनी डोळे मिटून हात जोडले. आठव्याला माझा आवाज अजिबात जड झाला नाही, सरळ वाचून मोकळा झालो.

कार्यक्रम संपल्यावर त्या गर्दीतून वाट काढत आल्या आणि मी मागे सरायच्या आत माझ्या पायाशी वाकल्या.

‘तुमच्या आजोबाचं नाव चौथं घेत व्हते तुमी,’ त्या म्हणाल्या. ‘आज पार शेवटाला घेतलं. माझ्या बापाला तुमी घरची जागा देली गुरुजी. असं कोन करतंय?’

‘असू द्या,’ मी म्हणालो.