टाकीतलं पाणी झाडांचं

चार बिऱ्हाडं एका जिन्यावर नांदली की किस्से आपोआप साठतात. ऐंशीच्या दशकातले, मांडवीच्या आमच्या सोसायटीतले बहुतेक किस्से मात्र एकाच टाकीभोवतीचे. सांगताना आम्ही अजूनही हसतो.

टाकी तांबेकाकांची. काका रिटायर्ड ओव्हरसिअर. मागच्या अंगणात चिऱ्याची टाकी बांधून त्यांनी गच्चीवरचं पावसाचं पाणी पाइपाने तिच्यात सोडलं होतं. का, तर काकू अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या. खिडकीतून दिसणारी बाग, तेवढंच त्यांचं जग. मे महिन्यात नळ दोन-दोन दिवस कोरडे. बाग जगवायची ती टाकीवरच!

\*

काकांचा नियम एकच: टाकीतलं पाणी झाडांचं, माणसांनी मागायचं नाही. एकदा सावंतवहिनींनी कपड्यांपुरती बादलीभर मागितली.

"वहिनी, लुगडं दोन दिवस थांबेल. तगर थांबायची नाय!"

वहिनींनी महिनाभर अबोला धरला.

\*

रोज सकाळी काका टाकीत बांबू बुडवून पाणी मोजायचे. काकू आतून विचारायच्या, "किती आहे हो?"

"भरपूर!"

एकदा मी बांबू पाहिला. जेमतेम टोक ओलं झालेलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात काका पुटपुटले, "तिला कशाला हिशोब?"

\*

पहिल्या सरीचं पाणी काका टाकीत घेत नसत. गच्ची धुऊन जाईपर्यंत पाइप बाजूला काढून ठेवत. एका मे अखेरीस ते काकूंचं औषध आणायला गेले होते. आमच्या हिने पावसाळ्याच्या बेगमीचं अर्धं पोतं जाडं मीठ गच्चीवर वाळत घातलेलं. दुपारी धो-धो सर आली. मीठ थेट टाकीत! कोणाच्या लक्षातही आलं नाही.

आठवड्यात बाग करपली. काकांनी टाकीतली ओंजळ चाखली, थुंकले, आणि जिन्यात उभं राहून ओरडले, "कोणाकडे जेवण अळणी आहे?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खिडकीखालची तगर तेवढी वाचली.

\*

मी माफी मागायला गेलो. काका म्हणाले, "तिला सांगू नका. उन्हाने गेली म्हणून सांगितलंय."

आतून काकूंचा आवाज आला, "त्यांच्या बायकोला म्हणावं, मीठ आमच्याकडून ने."

\*

पुढच्या मे महिन्यात काकू गेल्या. नळ कोरडे. शेवटच्या आंघोळीला पाणी कुठलं आणायचं, म्हणून बायका कुजबुजत होत्या. काकांनी स्वतःच टाकीचं झाकण काढलं आणि कळशी भरून दिली. आम्ही काकूंना दारासमोर पाटावर ठेवलं होतं.

"इथे नको," काका म्हणाले. "तगरीच्या मुळाशी घ्या."

आम्ही पाट उचलला.